झऱ्याची जागल

चैत्र संपत आला की केडगावात नळाच्या वेळेचं काही खरं राहत नाही. कधी रात्री दीडला पाणी येतं, कधी तीनला, कधी येतच नाही. परवा शेजारची वैशाली दारात आली. चांगली पोरगी आहे, शाळेत शिकवते, दिवसभर दमते बिचारी. हसत हसत म्हणाली, "काकू, तुम्हाला तशीही झोप नसतेच ना? मग पाणी आलं की सगळ्यांना हाक मारत जा की. गल्लीची काळजीच मिटली!" तिच्यामागे उभ्या दोघीतिघीही हसल्या. मीही हसले. माझा स्वभावच तसा, समोरचं माणूस हसलं की आधी हसून घ्यायचं, विचार मागाहून करायचा. मग आत आले आणि पलंगावर बसले तर हात गार पडलेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी आपली पदरात हात गुंडाळून बसलेली.

तिला काय ठाऊक! हेच बोलणं मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा ते मला नाही, माझ्या थोरल्या जावेला म्हटलं होतं. आणि तेव्हाही आम्ही सगळ्या हसलो होतो.

मला झोप येत नाही, हे मी आता लपवत नाही. तरुणपणी लपवायचे. पहाटे पाचला उठल्याचं नाटक करायचे, अंथरूण झटकायचे, जांभईसुद्धा द्यायचे. डॉक्टरांनी पुढे दोन नावं सांगितली, एक उदासीच्या आजाराचं आणि एक झोप न येण्याचं, आणि म्हणाले की ही दोघं जोडीनं राहतात. एकाला घालवलं तरी दुसरं त्याला मागच्या दारानं आत घेतं. तेव्हापासून मी शिस्तीनं राहते. चारनंतर चहा नाही. दुपारी आडवं व्हायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलंय, कारण किती वाजले हे कळलं की उरलेली रात्र आणखी लांबते. नऊला गोळी, दहाला दिवा बंद. सगळं पाळते मी, फक्त त्या गोळीपाशी अडते. ती हातावर घेऊन बसून राहते. पुण्याहून लेक फोन करते, "आई, घेतलीस का?" मी म्हणते, "घेतली गं बाई, किती वेळा विचारशील?" आणि गोळी तशीच उशाखाली जाते.

लेकीला वाटतं आई हट्टी आहे. आहेच मी हट्टी. पण गोळीचं कारण ते नाही.

माझं माहेर संगमनेरकडचं. पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचं आणि ऊस खायचा, एवढंच काम करत वाढलेली मी. मॅट्रिक झाले आणि पारनेरकडच्या एका वस्तीवर दिली मला. बारा घरं, एक विहीर, आणि सगळीकडं माळ. घरात थोरले दीर, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. आमचे हे नगरला छापखान्यात कामाला होते, पंधरा दिवसांतून एकदा यायचे. अक्काला मूल नव्हतं. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही, "धाकटे" म्हणायची. त्या "धाकटे"त इतकी माया होती की माहेरची आठवण आली की मी मुद्दाम तिच्यापुढं जाऊन उभी राहायचे.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. त्यापुढचा उन्हाळा, म्हणजे त्र्याहत्तरचा, ज्यांनी काढला त्यांना त्याचा वास अजून आठवत असेल. तापलेल्या मातीचा, घामाचा आणि खडीच्या धुरळ्याचा वास. गुरं छावणीला गेलेली, त्यामुळं गोठ्यातून काही आवाज नाही. बाभळीवर चिमणी नाही. रेशनची तांबडी मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी यायची, तिची भाकरी तव्यावरच मोडायची. दिवसा सगळी वस्ती दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. संध्याकाळी परत यायचं तेव्हा पापण्यांवर पांढरी धूळ असायची आणि ती धुवायला पाणी नसायचं.

विहीर मात्र अगदीच मेली नव्हती. तळाला खडकात एक चीर होती, तिच्यातून करंगळीएवढा झरा यायचा. खाली उतरायचं, वाटीवाटीनं पाणी जमवायचं, हंडा भरला की वरच्यानं दोरानं ओढायचा. एका हंड्याला पाऊण तास. दिवस कामावर जायचा, म्हणून पाणी रात्रीच भरायचं, बारा घरांनी पाळीनं. आमच्याकडं जागल म्हणजे रात्रीची राखण. एरवीच्या सालात ती उभ्या ज्वारीला असायची. त्या साली रानात राखायला काडी नव्हती, म्हणून जागल विहिरीवर आली. कुणीतरी रातभर काठावर बसायचं आणि एकाचा हंडा भरला की दुसऱ्याला घरी जाऊन उठवायचं. पण दिवसभर घण मारलेली माणसं, ती काय जागणार? जागलीवर बसलेलंच घोरायला लागायचं. पाळी हुकायची, मग भांडणं. एकदा तर दोघी बायका एकमेकींच्या झिंज्या धरून विहिरीच्या काठापर्यंत गेल्या.

तेव्हा कुणालातरी अक्का आठवली.

अक्का सगळा हिवाळा भिंतीकडं तोंड करून पडून होती. जेवायची नाही, बोलायची नाही, वेणी घालू द्यायची नाही. वस्तीवर म्हणायचे, आळस भरलाय हिच्यात. दादा म्हणायचे, दरवर्षाला येकदा असं हुतंच, उठंल आपली आपण. आणि खरंच, फाल्गुनात ती उठली. पण उठली ती कशी! पहाटे बघावं तर घर सारवलेलं, अंगण झाडलेलं, माझं लुगडं धुवायला पाणी नाही म्हणून उन्हात झटकून टाकलेलं. खडीवर तर गड्यांच्या वरचढ. बोलणं सारखं चालू, हसणं मोठ्यानं. आणि रात्री डोळा मिटायची नाही. मी कूस बदलली की अंधारातून आवाज यायचा, "धाकटे, जागी हायेस?" मला आधी बरंच वाटलं. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या अक्कापेक्षा ही बरी, असं मी मनाशी म्हटलं.

शेजारची गंगूआत्या वस्तीवरची सगळ्यांत मोठी बाई. तिनं एका संध्याकाळी कमरेवर हात ठेवून अक्काला सांगून टाकलं, "ठके, तुला तर झोप न्हाईच. मंग जागल तूच कर की बाय! आमचा तरी डोळा लागंल." आम्ही हसलो. अक्का सगळ्यांत जास्त हसली. कुणीतरी तिला जागलीनबाई म्हटलं, आणि ते नाव तिला एवढं आवडलं की ती स्वतःच स्वतःला तसं म्हणायला लागली.

पहिले आठ-दहा दिवस वस्ती तिच्या पाया पडायची बाकी होती. एक पाळी हुकली नाही, एक भांडण झालं नाही. मला पाचवा महिना होता. "धाकटे, पोटुशी हायेस तू. तुजा हंडा पयला," असं म्हणून माझ्या पाळीला ती स्वतः खाली उतरायची, हातानं चिरीतला गाळ काढून झऱ्याचं तोंड मोकळं करायची, आणि मी वर नुसती बसून राहायचे. मी ते गार पाणी घटाघटा प्यायचे. आता नुसतं लिहितानाही त्या पाण्याची चव जिभेवर येते.

पण मग एकेक व्हायला लागलं. तिचे ओठ फुटून रक्त यायचं आणि तिला पत्ता नसायचा. सांगायला एक गोष्ट घ्यायची आणि मधेच दुसरी, तिसरी, आणि आपण "हं" म्हणालो नाही तर चिडायची. एका दुपारी खडीवर जेवायची सुट्टी झाली तेव्हा तिनं हातातल्या चांदीच्या बांगड्या काढल्या आणि खडीच्या ढिगात खोल पुरून टाकल्या. म्हणाली, "दगडं तापल्यात, त्येन्ला गार वाटंल." एकीनं माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. ढीग उकरून बांगड्या काढायचा आम्ही प्रयत्न केला, पण सापडल्या नाहीत. त्यानंतर अक्काचा हात हलला तरी आवाज होईनासा झाला, आणि ती मागं कधी येऊन उभी राहिली हे कळेनासं झालं. मला भीती वाटायला लागली, खरं सांगते.

हे सुट्टीला आले तेव्हा मी पहिल्यांदा यांच्यापुढं रडले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं यष्टीनं नगरला गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बराच वेळ बोलू दिलं, मग काही लिहिलं. औषध दिलं ते तिथल्या सिस्टरनं. नगरकडचीच ख्रिस्ती बाई, पांढरी साडी, बोलणं कडक. तिनं माझं शिक्षण विचारलं आणि कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली. "रोज रात्री जेवणानंतर एक. एकही दिवस चुकवायचा नाही. हिला झोप मिळाली तरच ही वाचेल. गोळ्या हिच्याकडे द्यायच्या नाहीत, घरातल्या पुरुषांकडे नाहीत, तुमच्याकडेच ठेवायच्या. समजलं का?" मी मान हलवली. पुडी कनवटीला खोचली. अक्काचा जीव आता माझ्या कमरेला आहे, हे मला तिथं त्या दवाखान्याच्या ओसरीवरच नीट कळलं होतं. नंतर कधीही मला असं म्हणता आलं नाही की ठाऊक नव्हतं.

त्या रात्री अक्का झोपली. किती आठवड्यांनी! तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी, एक हात माझ्या अंगावर टाकून. मी तिच्या फुटलेल्या ओठांना तेल लावलं तरी हलली नाही. मीही झोपले. आणि जागलीनबाईनं हाक मारली नाही म्हणून सगळी वस्ती झोपली.

सकाळी विहीर कोरडी ठाक. झरा बंद.

आता कळतं की त्याचं कारण अगदी साधं होतं. रोज कुणीतरी खाली उतरून गाळ काढायचं, त्या रात्री कुणी उतरलंच नाही, आणि चीर बुजली. पण तहानलेल्या माणसांना साधं कारण सुचत नाही. विहिरीच्या काठावर रडारड सुरू झाली. अक्का डोळे चोळत आली, गर्दीतून वाट काढत काठावर गेली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "मी निजले म्हनून त्यो निजला." ती खाली उतरली, बोटांनी गाळ उकरला, आणि घटकाभरानं खालून ओरडली, "आला गं! उठला बघा!" झालं. तिला तर खात्री पटलीच, वस्तीलाही पटली. दुपारी गंगूआत्यानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

आणि संध्याकाळी गंगूआत्या माझ्याकडं आली. तिच्या काखेत नातू होता, त्याची जीभ पांढरी पडलेली. हळू आवाजात म्हणाली, "पोरी, ती गोळी दिऊ नगंस. चार दिस दम धर. टँकर येनार हाय म्हनत्यात. टँकर आला का मंग दे की, मी न्हाई का म्हनते?"

"सिस्टरनं सांगितलंय, आत्या..."

"सिस्टर नगरला नळाचं पानी पितीया. तुजं पोट बघ, ह्या पोराचं त्वांड बघ, आन मंग मला सांग."

मी सांगितलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर कनवटीला हात घातला नाही. बस, एवढंच केलं मी. फार काही करावं लागलंच नाही.

तिसऱ्या संध्याकाळी अक्का चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे आत गेले होते आणि त्यात लाली होती. तिनं हात पुढं केला, तळवा वर करून. "धाकटे, ती गोळी दे गं. लई दमले मी. यवढं निजू दे मला." मी तिच्याकडं बघितलं. पुडी माझ्या कमरेला टोचत होती. मी काही करणार तोच ती दचकली, हात मागं घेतला, "नगं, नगं! झरा हाय. मी निजले तर पोरं मरत्याल." आणि उठून विहिरीकडं गेली. पहिली, गोळी मागणारी, माझी अक्का होती आणि दुसरी, नको म्हणणारी, तिचा आजार, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला पाणी हवं होतं. मी दुसरीचं ऐकलं. तिच्या मागं धावत जायला मला काय झालं होतं? वीस पावलं होती फक्त.

चार दिवसांचे आठ झाले. टँकर आला नाही. वस्तीवरच्या बायका अक्काला गुळाचा चहा नेऊन द्यायला लागल्या, तिला पेंग येऊ नये म्हणून. तिच्याशी आळीपाळीनं बोलत बसायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला जागं ठेवलं. दादा एकदा म्हणाले, "हिचं काय खरं वाटंना." मी म्हटलं, "औषध चालू आहे." इतक्या सहज म्हटलं.

नवव्या दिवशी पारनेरचा बाजार होता, म्हणून कामाला सुट्टी. ऊन असं की माळावरची हवा हलायची थांबलेली. सकाळपासून झरा पुन्हा बारीक झाला होता. जेवणं झाली आणि सगळी वस्ती सावलीला पडली. मीही पडले. डोळा लागायच्या आधी मला अक्का दारात उभी दिसली. मला म्हणाली, "नीज तू. मी हाय." मी झोपले. गाढ झोपले मी, पोटुशी बाई झोपते तशी. त्यानंतर तशी झोप मला कधीच आली नाही.

जाग आली ती कुणीतरी विहिरीवरून ओरडलं तेव्हा. ती एकटीच उतरली होती. वर दोर धरायला कुणी नाही, हातापायांत त्राण नाही, भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांवर पाय ठेवत. कुठंतरी पाय निसटला असणार. दादा खाली गेले. मी काठावर पोटाला धरून बसले होते आणि मला सगळं दिसत होतं. ती चिरीपाशी पडली होती, कुशीवर, एक हात झऱ्याच्या तोंडाशी. झरा मोकळा झाला होता. पाणी तिच्या केसांखालून वाहत होतं.

वर आणून ठेवली तेव्हा गंगूआत्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावरची माती पदरानं पुसली, आणि म्हणाली, "निजली गं बाय माजी येकदाची." आणि मग तिनं असा हंबरडा फोडला की मला माझे कान झाकून घ्यावे लागले. मी तिला दोष देत नाही. तिच्या काखेत नातू होता. माझ्या कमरेला पुडी होती.

त्या रात्री विहिरीवर कुणी गेलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री गेलो. आम्ही तेच पाणी प्यालो. दुसरं कुठं होतं? पुढच्या आठवड्यात टँकर आला. हे नगरहून आले होते, त्यांनी मला एकदाच विचारलं, "गोळ्या देत होतीस ना?" मी म्हटलं, "हो." पुन्हा त्यांनी विचारलं नाही, मरेपर्यंत नाही. पुडी मी चुलीत टाकली. कागद आधी पेटला, गोळ्या बराच वेळ तशाच पांढऱ्या राहिल्या.

श्रावणात लेक झाली. तीच ही, पुण्याहून फोन करणारी. तिच्या वेळी पाचव्या महिन्यात माझ्या पोटात गेलेलं पाणी कुणी काढून दिलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा लेख वाचला तर कळेल.

तर, ही माझ्या झोपेची गोष्ट. डॉक्टरांना मी ती सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आजी, तुम्ही एकोणीस वर्षांच्या होतात." हो, होते. अक्का तिशीची होती. रोज रात्री गोळी हातावर घेते तेव्हा मला तो पुढं केलेला तळवा दिसतो, खडीनं सोललेला. मग ती गोळी माझ्या तोंडात कशी जाईल? मला वाटायचं, जागं राहणं हेच माझ्याकडून तिचं देणं आहे. इतकी वर्षं मी तिची जागल करत होते, आणि वैशालीनं परवा हसत हसत मला तीच जागल करायला सांगितली.

काल संध्याकाळी मी वैशालीच्या दारात गेले. म्हटलं, "मी हाक मारणार नाही गं. रात्री मी झोपणार आहे." ती गोंधळली. म्हणाली, "अहो काकू, मी आपलं सहज म्हटलं." मी म्हटलं, "सहजच म्हणतात सगळे. पण आजारी माणसाच्या जागण्यावर पाणी भरू नये." तिला काय कळलं देव जाणे. नऊला लेकीचा फोन आला. "आई, घेतलीस का?" मी म्हटलं, "थांब, फोन ठेवू नकोस," आणि तिला ऐकू जाईल असा भांड्याचा आवाज करत गोळी घेतली.

सकाळी जाग आली ती दार वाजलं म्हणून. ऊन पार चुलीच्या कट्ट्यावर आलेलं. दारात वैशाली, हातात कोरडी बादली, चेहरा रडवेला. "काकू, पाणी येऊन गेलं! अडीचला आलं होतं म्हणे. गल्लीत कुणालाच जाग नाही आली. तुम्हीसुद्धा...?"

"मीसुद्धा झोपले होते," मी म्हटलं. "माझ्या पिंपातलं ने दोन बादल्या. आणि रडू नकोस, उद्या येईल पाणी. ते आपण जागं राहिल्यानं येत नाही आणि आपण झोपल्यानं जात नाही."

ती पाणी घेऊन गेली. मी उंबऱ्यावर तशीच उभी राहिले. एवढंच अक्काला सांगायला हवं होतं त्या संध्याकाळी, चुलीपाशी, तिच्या हातावर गोळी ठेवताना.